दुसरा उकार

४ फेब्रुवारी

मोत्या,

पत्राच्या वरती जे गोड गोड लिहायचं असतं ते मी लिहिलेलं नाही. एक तर ते मला येत नाही, आणि आलं असतं तरी तुझ्यावर शाई घालवली नसती.

आयुष्यभर माझी पत्रं तूच लिहिलीस. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांना, लाकडाच्या वखारीला, मुलाच्या शाळेला. मी बोलायचो, तू लिहायचास, आणि मी बोललो त्यापेक्षा चांगलं लिहायचास, तेही मला कधी आवडलं नाही. सहावीत शाळा सुटल्यापासून हे माझं स्वतःचं पहिलं पत्र. शब्द अडला की शोधायला समोर वर्तमानपत्र ठेवलंय. त्यात सापडला नाही तर पहिला उकार देऊन मोकळा होतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

लिहायचं कारण असं. परवा वहिनींचा आमच्या सूनबाईला फोन आला होता. मी ऐकत नव्हतो, पण आमच्या भिंती पातळ आहेत. टपालवाला सही मागायला दारात आला आणि तू अंगठा पुढे केलास म्हणे. अंगठा. तू. छत्तीस वर्षं नोंदणी कार्यालयात ज्याने अख्ख्या गावाचे जन्म आणि मरणं आपल्या हाताने वहीत उतरवली, ज्याचं अक्षर दाखवायला एक साहेब दुसऱ्या साहेबाला घेऊन यायचा, त्याने शाईच्या गादीवर अंगठा टेकला. मला तू चाळीस वर्षं अंगठेबहाद्दर म्हणालास. आता मी म्हणतो. कसं वाटतं ते लिहून कळव. कळवणार कसं म्हणा.

मी पोट धरून हसलो. सूनबाई म्हणाली, बाबा, ठसका लागेल. लागला.

तुझी बोटं गेलेली नाहीत. दोन वाकत नाहीत, पहिलं आणि मधलं, एवढंच. अंगठा आहे, उरलेली दोन आहेत, मनगट आहे. डॉक्टर तेव्हाच म्हणाला होता, सराव करा, लिहिता येईल, अक्षर पूर्वीसारखं येणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलंस आणि तू दुकान बंद केलंस. मोत्यासारखं येणार नसेल तर कागदाला हातच लावायचा नाही. हा माज आहे, दुसरं काही नाही. मोत्या हे नाव मी ठेवलं तेव्हा तू चिडलास, म्हणालास, हे कुत्र्याला ठेवतात. बरोबर म्हणालास. अक्षर गेलं, आता नावात काय उरलं ते बघ.

तर मी तुझ्यासाठी लाकडाचं पेन करणार आहे. जाड, तुझ्या त्या हातात बसेल असं. उपकार करतोय असं समजू नकोस. दोन वर्षांत तू मला एक शिवीसुद्धा लिहून पाठवली नाहीस, ती तरी पाठवता यावी म्हणून.

माझं लाकूड कातायचं मशीन सध्या बंद आहे. पट्टा तुटलाय.

झाल्या गोष्टीत माझी काही चुक नव्हती, हे तुलाही माहीत आहे. चालू मशीनमध्ये शहाणा माणूस हात घालत नाही.

पत्ता सूनबाईने दिलाय. पत्र पोचलं नाही तर कळव.

कातारी


१९ फेब्रुवारी

मोत्या,

पंधरा दिवस झाले. आमचा टपालवाला डोक्याने कमी आहे, शेजारच्यांची पत्रं आमच्या दारात टाकतो, तेव्हा आमची कोणाच्या दारात पडत असतील देव जाणे. मी पेटीत पत्र टाकून घरी आलो आणि पुन्हा बघायला गेलो, वरच अडकलं नसेल ना. हात घालून पाहिलं तर एक बाई म्हणाल्या, आजोबा, काय चोरताय.

पेनाची बातमी घरात फुटली. मुलगा म्हणाला, जाड पेनं दुकानात मिळतात, खास अशा हातांसाठी. म्हणून बघून आलो. दुकानदाराने काचेवर चार मांडली. जांभळी, रबराची, फुगलेली, मध्येच कंबर काढलेली. तान्ह्या पोराला दात येताना चावायला देतात ना, तसली. मी विचारलं, हे कोणाच्या मापाचं? तर म्हणतो, आजोबा, एकच माप येतं, सगळ्यांना बसतं. त्याच्या स्वतःच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत लोंबत होती. तीही सगळ्यांना बसणारीच असणार.

सोबतच्या डब्यात गोळा आहे. लाकडाच्या भेगा भरायची लांबी आहे ती, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली. ओल्या फडक्यात गुंडाळली आहे. उजव्या हातात पेन धरतोस तशी धर. जी बोटं वळतील ती वळव, जी वळत नाहीत ती नुसती टेकव. दाब, आणि हात हळूच काढून घे. आठवडाभर सावलीत सुकली की परत पाठव. ठशात मी प्लास्टर ओतीन, म्हणजे मला तुझ्या पकडीचं माप मिळेल, तोंड न बघता.

चिठ्ठी लिहू नकोस. तशीही लिहिणार नाहीस. मला फक्त मूठ पाहिजे.

फडकं सुकलं असेल तर गोळा तडकेल. तडकला असेल तर फेकू नकोस, थोडं तेल लावून मळ. तेल नसेल तर वहिनींकडे माग. आणि डबा परत पाठव, सूनबाईचा आहे.

कातारी


१० मार्च

ढोंग्या,

आजपासून तुला मोत्या म्हणत नाही.

गोळा मिळाला. डबाही मिळाला. चिठ्ठी नव्हती, नसू दे, मीच नको म्हणालो होतो. पाकिटावरचा पत्ता वहिनींच्या हातचा. मला आनंद झाला, हे आता लिहायला लाज वाटते. दोन वर्षांनी मशीनवरची चादर काढली, पट्टा बसवला, तेल घातलं. हातात शिसवाचा तुकडा होता, जुना, चांगला मुरलेला. वीतभर कापला, मधोमध भोक पाडलं. भोक जरा तिरकं गेलं तर तुकडा फुकट जातो. दोन तुकडे गेले, तिसरा साधला. आत पितळेची नळी डिंकाने बसवली, दिवसभर सुकू दिली.

तोवर ठशात प्लास्टर ओतलं होतं. सकाळी लांबी फोडली आणि आतून तुझी पकड निघाली. मी ती हातात घेतली आणि उजेडात धरली.

पहिलं बोट वाकलेलं आहे. तिन्ही पेरं. मधलंही. एखाद्या शाळकरी पोरीने पेन्सिल धरावी तसं, गोल, सुबक.

म्हणजे तुझी बोटं वळतात. कधीपासून वळतात? दोन वर्षं तू सगळ्या दुनियेला काठीसारखी ताठ बोटं दाखवत फिरलास, अंगठे देत बसलास, आणि इथे मी. मी काय केलं ते तुला सांगायची गरज नाही. मी एक स्टूल केलं नाही, एक लाटणं केलं नाही. माझ्या मशीनवर चादर होती. तू मात्र घरात बसून मजा बघत होतास.

हात बारीक झालाय तुझा. बोटाच्या टोकाला बारीक बारीक टोचल्यासारखे खड्डे आहेत. कारकुनाच्या हाताला खड्डे कसले? नखं खातोस की काय आता?

पेन तरी पुरं केलं. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही. प्लास्टरच्या मुठीत बसवून बसवून उतरवलं, कागदाने घासलं, मेण लावलं. चांगलं झालंय. तुझ्या लायकीचं नाही. घे, आणि त्या चांगल्या हाताने लिही, की मी ढोंगी आहे.

कातारी


२३ मार्च

मोत्या,

वहिनींनी काल फोन केला. सूनबाईशी बोलायला नाही, माझ्याशी. सूनबाईने फोन माझ्या हातात दिला आणि मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिली, म्हणजे दाराला कान लावून.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तो हात माझा होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तू डबा उघडलास, माझं पत्र वाचलंस आणि गोळा केराच्या टोपलीत टाकलास. त्यांनी तो काढला, धुतला, तेल लावून मळला, आणि म्हणाल्या, भावजी एवढं करतायत तर रिकामा कसा पाठवायचा. त्यांना वाटलं, नवरा-बायकोचा हात जवळपास सारखाच असणार. पेनाची पकड ती पकड.

चाळीस वर्षं मी माणसांच्या मापाने लाकूड उतरवतोय. लाटणं मागायला बाई आली की तिचा पंजा बघून मी जाडी ठरवतो. आणि मला बाईची मूठ ओळखता आली नाही. टोचल्याचे खड्डे दिसले आणि शिवणकाम करणारी बाई घरात आहे हे सुचलं नाही. कारण मला ते बोट वाकलेलंच हवं होतं. तुझं बोट वाकत असतं तर मी सुटलो असतो. इतका आंधळा मी लाकडाच्या बाबतीत कधी नव्हतो.

त्या म्हणाल्या, तू माझं ते दहा तारखेचं पत्र वाचलंस. दोनदा. मग घडी घालून खिशात ठेवलंस आणि जेवला नाहीस. मी विचारलं, काही बोलला का. म्हणाल्या, नाही. विचारलं, शिवी दिली का. म्हणाल्या, नाही हो भावजी. तुझा हा गप्प राहायचा रोग जुना आहे. शिवी दे. ताट फेक. माणसासारखं काहीतरी कर.

तुला बोटं दाखवायला सांगितलं तर तू केरात टाकतोस, आणि माझ्या शिव्या मात्र खिशात ठेवतोस. असल्या माणसाचं काय करावं मला कळत नाही.

पेन वहिनींच्या हातात छान बसतं म्हणे. त्यांनी पडद्यांची मापं लिहून काढली. ते त्यांचंच राहू दे.

मी पुन्हा करतो. या वेळी माप मागणार नाही.

कातारी


१४ एप्रिल

पाकिटावर वहिनींचं नाव आहे. मुद्दाम. वहिनी, आधी तुम्ही वाचा, मग त्याला द्या.

मोत्या,

अक्षर वाचता येत नसेल तर डोळे ताण. मी हे पहिलं आणि मधलं बोट बांधून लिहितोय. दोन लाकडी पट्ट्या, वर फडकं. आज सोळावा दिवस. बांधलेल्या हाताने जेवलो, शर्टाची बटणं लावली, म्हणजे सूनबाईने लावली. दाढी करताना कापलं. घरात सगळ्यांना वाटतं म्हातारा बहकला. मुलगा म्हणाला, बाबा, डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, डॉक्टरला आधीच एक हात दाखवून झालाय.

कसं धरता येतं ते मला कळलं. पेन बोटांनी धरायचंच नाही. अंगठा आणि तळव्याच्या मध्ये घ्यायचं, ताठ बोटं वरून नुसती टेकायची, खालची दोन आधाराला. त्यासाठी पेन पेरूएवढं जाड लागतं, मी खायचा पेरू म्हणतोय, बोटाचं पेर नाही. खाली फुगीर, वर निमुळतं. ताठ बोटांसाठी वरून पन्हळ कोरली आहे, म्हणजे ती घसरत नाहीत. चार केली. पहिलं जड झालं, दुसरं गडगडत टेबलाखाली जायचं, तिसऱ्याची पन्हळ खोल गेली. चौथ्याने हे लिहितोय. एक ओळ लिहायला घाम येतो. पण ओळ होते. दिसतेय ना?

आता लाकडाचं सांगतो. ते शिसव तुझंच आहे. तुझ्या लिहायच्या टेबलाचा चौथा पाय. तीन झाले होते, ते माळ्यावर आहेत. चौथा तेव्हापासून मशीनलाच लावलेला होता. चादर त्याच्यासकट घातली होती. पट्टा कधी तुटलाच नव्हता.

वहिनी, आता नीट वाचा. मी तुम्हाला दवाखान्यात सांगितलं की मशीन चालू होतं आणि याने हात घातला. डॉक्टरलाही तेच सांगितलं. हा शेजारी पडून ऐकत होता. खरं असं की मशीन बंद होतं. मीच याला म्हणालो होतो, हात फिरवून बघ, रेशमासारखं झालंय. याने हात ठेवला. मग याची नजर भिंतीवर गेली. तिथे मी खडूने टेबलाची मापं लिहिली होती. हा हसायला लागला. म्हणाला, "ऊंचीला मोठा ऊ काढलायस. म्हणून टेबल जास्त उंच होणार आहे का?" आणि दारात दोन गिऱ्हाईकं उभी होती, तीही हसली.

मला त्याचा आवाज नको होता. म्हणून मी बटण दाबलं. मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही.

पायाचा वरचा भाग चौकोनी असतो. फिरायला लागला की कोपरे दिसत नाहीत. हत्यार टेकवायची लोखंडी पट्टी आणि तो कोपरा यांच्यामध्ये बोटभर जागा असते. बाकी तुम्हाला माहीत आहे.

हात अजून तिथे आहे हे मला दिसत होतं का? दोन वर्षं मी हे स्वतःला विचारतोय. कधी वाटतं दिसत नव्हतं. कधी वाटतं, दिसत होता, पण काढून घेईल असं वाटलं. तिसरंही एक उत्तर आहे, ते मी लिहीत नाही.

मोत्या, तू तेव्हा खरं सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी भांडलो असतो, खोटं बोललो असतो, आणि आतापर्यंत सगळं संपलं असतं. तू गप्प राहिलास आणि गाव सोडून लेकीकडे गेलास. मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल. दयेचे असले प्रकार मला नको असतात.

चुक माझी होती.

हे वाक्य लिहायला पाऊण तास लागला. बोटं बांधलेली असल्यामुळे.

पेन सोबत आहे. वापरायचं नसेल तर चुलीत घाल, शिसव चांगलं जळतं.

कातारी


५ मे

मोत्या,

काल पाकीट आलं. आत माझंच पत्र. दुसरा कागद नाही. मी आधी पाकीट उलटं करून झटकलं, मग आत बोट घालून पाहिलं, मग सूनबाईला बघायला लावलं. मला वाटलं, परत पाठवलंय म्हणजे संपलं. पत्र परत पाठवणं म्हणजे काय ते अडाण्यालाही कळतं. मी ते तसंच फळीवर ठेवलं आणि अंगणात जाऊन बसलो.

सूनबाईने ते उघडून वाचलं. वाचू नये असं तिला कोणी शिकवलेलं नाही. तिने मला हाक मारली. म्हणाली, बाबा, यात कोणीतरी लिहिलंय.

तीन पानं. वाकड्या ओळी, खाडाखोड, एक शब्द दुसऱ्यावर चढलेला. तू त्यातल्या कशालाही हात लावला नाहीस. शेवटच्या पानावर फक्त एका शब्दाभोवती गोल आहे. गोल कसला, एखाद्या पोराने काढलेलं वांगं म्हणावं. आणि समासात कापऱ्या, तुटक अक्षरात, प्रत्येक रेघेत हात उचलून, दोनच शब्द. 'उकार दुसरा.'

चुक नाही. चूक.

छत्तीस वर्षं ज्याचं अक्षर बघायला साहेब यायचे, त्याचं हे अक्षर. 'क' कुबड आल्यासारखा आहे. 'दु' खाली घसरलाय. इतकं भिकार अक्षर मी सहावीतही काढत नव्हतो. सूनबाईने कपडे वाळत घालायच्या चिमट्याने ते पान भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलंय, मशीनच्या वर, आणि मी ते काढलेलं नाही.

आता माझ्या डोक्याला नवा घोर. एकच शब्द का सुधारलास? तेवढ्यातच हात दुखला? की तेवढंच पुरे वाटलं? दुखला असेल तर पन्हळ अजून थोडी रुंद करता येईल, पेन परत पाठव. तेवढंच पुरे वाटलं असेल तर तसं कळव.

वहिनींचा फोन आला होता. मला वाटलं आता बोलणी खाणार. त्या इतकंच म्हणाल्या, "भावजी, हे दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं." मी हो म्हणालो. मग म्हणाल्या, टपालवाला आला होता, आणि यांनी त्याला दहा मिनिटं दारात उभं करून ठेवलं. सहीसाठी. तो कंटाळून म्हणाला, आजोबा, अंगठा चालेल. तर तू त्याला म्हणालास, तुला चालत असेल, मला नाही. इतकं उर्मट बोलायची गरज नव्हती. टपालवाल्यांशी नीट वाग, आपली पत्रं त्यांच्या हातात असतात.

तर चूक. हा शब्द मला वर्तमानपत्रात कधी सापडलाच नव्हता. तिथे कोणी ती केलेली नसते. मी सूनबाईला विचारलं, मग चुकलो लिहितात तेव्हा मोठा उकार का नाही. ती म्हणाली, बाबा, नियमच तसा आहे. चूक असली की मोठा, चुकलो म्हटलं की छोटा. हा कसला नियम? करताना मोठी आणि कबूल करताना लहान? तुम्ही शिकलेल्या लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेला दिसतो.

माळ्यावरून तीन पाय खाली काढले. वाळवी नाही. चौथ्याला नवं शिसव आणलंय, रंग थोडा वेगळा येईल, कुरकुर करू नकोस. मापं भिंतीवर लिहिली आहेत. लांबी चार फूट, रुंदी अडीच.

उंची तीस इंच. उकार पहिला. बघून घे.

कातारी